सगळा महाराष्ट्र विसाव्याला गोव्यात येतो. गोव्यातल्या पाळकबाईंनी कुठं जायचं?

प्रश्न असा आला आहे: "वास्कोत आमची छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, पती तिचे पाळक (पास्टर) आहेत. मी प्राथमिक शाळेत शिकवते. रविवारी संडे स्कूल, बुधवारी महिला सभा, शुक्रवारी उपासप्रार्थना. मे आणि डिसेंबरात गावाकडचे पाहुणे. गेल्या महिन्यात तीन दिवसांच्या रिट्रीटला जाऊन आले. आठवडाभर छान वाटलं, मग पुन्हा तेच. प्रार्थनेला बसले की डुलकी लागते, नाहीतर रडू येतं. संडे स्कूल सोडून द्यावं असं वाटतं. विसावा मागणं हा आळस आहे का? माझ्या विश्वासात कुठं कमी पडतंय?"

ताई, सलाम.

प्रश्न वाचून आधी मला हसू आलं, रागावू नका. पुण्या-मुंबईचा, नगरचा, कोल्हापूरचा माणूस थकला की म्हणतो, चला, चार दिवस गोवा करून येऊ. मंडळीतला असेल तर थेट पाळकांच्या घरी उतरतो. त्याला विसावा मिळावा म्हणून सुरमईला मसाला लावायचा तुम्ही, गाद्या घालायच्या तुम्ही, आणि निघताना तो म्हणणार, "तुमचं बरंय बुवा, बारा महिने गोव्यात!" मी मूळची नगरकडची, लग्न होऊन इकडे आले. ३१ वर्षं नर्सची नोकरी केली आणि गेली १८ वर्षं एकांतवासाला येणाऱ्या बायांसोबत बसते. त्यात पाळकबाया बऱ्याच असतात, आणि पहिल्या दिवशी जवळपास सगळ्याच हेच विचारतात: हा आळस तर नाही ना?

नाही. पण एवढ्यावर तुमचं भागणार नाही, म्हणून जरा लांबून येते.

विश्वासाचं नंतर बघू, आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणाऱ्या बाईला प्रार्थनेत डुलकी लागली, तर मी सैतानाचं नाव काढण्याआधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. पांढुरकी दिसली की माझं आध्यात्मिक बोलणं तिथंच थांबतं. रडण्याचं म्हणाल, तर दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज मन खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा "आपण नसतो तर बरं" असं मनात येऊन जात असेल, तर सरळ डॉक्टर गाठा. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं. आपल्याकडे अशा बाईला आणखी एक उपास धरायला सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही, आणि त्यावरून मी चांगल्या चांगल्या लोकांशी भांडले आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही मुलांना शिकवत असालच. पण आपण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपाशी थांबतो. १ राजे १९ वा अध्याय मुलांपर्यंत सहसा पोचत नाही. ईजबेल राणीची धमकी येते आणि तोच वीर जीव घेऊन पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरू दे. देव त्याला झोपू देतो. मग दूत हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो: खा, नाहीतर पुढची वाट तुला झेपायची नाही. दोन झोपा, दोन जेवणं, त्यानंतर ४० दिवसांची चाल, आणि मग कुठं होरेबावर देव त्याला विचारतो, तू इथं काय करतोस? प्रश्न सगळ्यात शेवटी आहे, बघा. तुम्ही मात्र भाकरीच्या आधीच स्वतःला विचारायला बसलात की विश्वासात कुठं कमी पडतंय.

मला हा क्रम एका वाडगाभर पेजेनं शिकवला. तेव्हा मी नोकरीत होते. रात्रपाळी करून सकाळी आठला सुटले आणि तशीच बस धरून टेकडीवरच्या एका कॅथलिक एकांतगृहात पोचले. बारा बायांना मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावर विचार द्यायचे होते: "तुम्ही रानात एकांती चला व थोडा विसावा घ्या." विसाव्यावर बोलणार होते मी! पहिलं गीत चालू असतानाच डोळा लागला आणि मांडीवरचं बायबल धाडकन फरशीवर पडलं. स्वयंपाकघरातली एक म्हातारी सिस्टर आली, मला दंडाला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली. उकड्या तांदळाची पेज, मिठातल्या कैरीची फोड, अर्धा भाजलेला सुका बांगडा. म्हणाली, "पयलीं जेव, मागीर न्हीद. देव खंय वचपाचो ना." आधी जेव, मग झोप, देव कुठं जात नाही. दुपारी चारला जाग आली. तोवर बारा जणींनी आपापली प्रार्थना केली होती, आपापसात बोलल्या होत्या, कुणाचं काही अडलं नव्हतं. ते बघून मला हलकं वाटायला हवं होतं. खरं सांगू? अपमान वाटला. माझ्याशिवाय चाललं कसं?

ताई, विसाव्याची अडचण तिथं आहे. वेळ नसतो हे खरंच, पण वेळ मिळाला तरी आपण थांबत नाही, कारण थांबलो की कळतं की जग आपल्या खांद्यावर नव्हतं. काम पूर्ण झालं की विसावा घेऊ, असं आपण धरून चालतो. पाळकाच्या घरात काम कधी पूर्ण होतं? शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी थांबायची, आज्ञा काम संपलेल्यांसाठी दिलेली नाही. सूर्य मावळला की हातातलं तसंच ठेवायचं, अर्धं असलं तरी.

ही आज्ञा दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलं आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायात: देवानं सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात: तू मिसर देशात दास होतास हे आठव. मला दुसरं कारण जास्त लागतं. दासाला थांबता येत नाही. फारोचे मुकादम विटा मोजून घ्यायचे, आणि पेंढा दिला नाही तरी आकडा तेवढाच हवा असायचा. थांबता येणं ही सुटलेल्या माणसाची खूण आहे. त्या आज्ञेत कोणाकोणाला विसावा सांगितलाय ते एकदा मोजा: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका. पाळकबाईचं नाव वेगळं घातलेलं नाही, पण मी तरी तुम्हाला गाढवाच्या खालचं मानत नाही. आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस कसा मोजलाय? संध्याकाळ झाली, सकाळ झाली. दिवसाची सुरुवात झोपेनं. आपण उठतो तेव्हा देवाचं काम अर्धा दिवस होऊन गेलेलं असतं.

आता व्यवहार. रविवार तुमच्या घरी कामाचा दिवस आहे, त्याला शब्बाथ म्हणून स्वतःला फसवू नका. कॅथलिकांच्या १९८३ च्या नियमसंहितेत पाद्रींनी एकांतवासासाठी वेळ काढलाच पाहिजे असं बांधून दिलं आहे. आपल्या पाळकांना असं कुणी बांधत नाही आणि त्यांच्या बायकांचा तर विषयच निघत नाही, म्हणून तुम्हालाच बांधून घ्यावं लागेल. शनिवारची शाळा अर्धी असेल असं धरते. शनिवारी दुपारी दोनपासून रविवारी सकाळी उठेपर्यंत. पूर्ण दिवस मागू नका, मिळणार नाही आणि पहिल्याच महिन्यात मोडेल. संडे स्कूलची तयारी गुरुवारी रात्री उरकायची. शनिवारी रात्री अकराला रंगीत कागद कापत बसायची सवय मला चांगली माहीत आहे.

जेवणाचं? शुक्रवारी दुप्पट करा. रानात इस्राएल लोकांसाठी देवानं दिलेलं अन्न, मान्ना, पडायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं. एरवी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे, शब्बाथासाठी ठेवलेला मात्र टिकायचा. शिळं खाऊन देवाचा दिवस पाळायचा ही कल्पना माझी नव्हे, निर्गमाच्या १६ व्या अध्यायाची आहे. आणि गोव्यात तर कालची कडी ही चैन आहे! शुक्रवारची बांगड्याची आमटी शनिवारी दोनच्या आधी मंद आचेवर आटवा, पळीला चिकटेल इतकी घट्ट होऊ द्या, सोबत शेजारच्या पोदेराचे (पाववाल्याचे) पाव. पाहुणा असला तरी हेच. खाल्ल्यावर तो नाव ठेवणार नाही, याची हमी मी देते.

त्या वेळात काय करायचं असं तुम्ही विचारणार. काही नाही. पहिले दोन शनिवार हात वळवळतील, कपाट आवरावंसं वाटेल. कपाट आवरू नका. झोप आली तर झोपा. संध्याकाळी बायणाच्या किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावर चालून या, फोन घरी ठेवून. मंडळीतला फोन आला तर पाळकसाहेब घेतील. त्यांचा विसावा सोमवारी, तेव्हा फोन तुम्ही घ्या. कुणी आजारी पडलं, मयत झाली, तर शनिवार मोडेल. मोडू द्या. मार्कच्या त्याच अध्यायात पुढं वाचा: शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती म्हणून येशू त्यांना होडीत घालून निघाला, आणि लोक काठाकाठानं धावत आधीच तिथं पोचले. विसावा गेला. त्यानं त्यांना शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं, मग त्याच संध्याकाळी शिष्यांना होडीत बसवून पुढं पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. मोडलेला विसावा त्यानं त्याच दिवशी पुन्हा धरला. शनिवार गेला तर मंगळवारचे दोन तास घ्या. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

सुशेगाद हा शब्द इथं टी-शर्टावर छापून विकतात. पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला, अर्थ शांत, निवांत. बाहेरच्यांना वाटतं गोंयकार आळशी. पोदेर मध्यरात्री उठून भट्टी पेटवतो, म्हणून दुपारी झोपतो; हे टी-शर्टवाल्याला दिसत नाही. दुपारी एकनंतर दुकानाचं शटर खाली आणि चारनंतर वर, याचा मला सुरुवातीला संताप यायचा. नगरच्या बाजारात असं कुणी केलं असतं तर लोक हसले असते. आता वाटतं, गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढायला केवढा भरवसा लागत असेल! तसंच दिवेलागणीच्या घंटेचं. गावात चर्चची आंजेलची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली की जुनी माणसं अजूनही बोलणं अर्ध्यावर सोडून उभी राहतात, दोन मिनिटं प्रार्थना पुटपुटतात, मग "हां, तर काय सांगत होते" म्हणून तिथूनच पुढं सुरू करतात. त्यांची प्रार्थना आपली नसेल, पण ते थांबणं उसनं घ्यायला काय हरकत आहे? घंटा ऐकू आली की गॅस बारीक करा, कठड्याला टेका, "प्रभू, तू आहेस" एवढं म्हणा. मी हे बरीच वर्षं करते. डाळ अजून एकदाही करपलेली नाही.

तुमच्या रिट्रीटबद्दल. वेळापत्रक तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज करते: पहाटे साडेपाचला भक्ती, दिवसाला तीन-चार संदेश, गटचर्चा, रात्री गायन, खोलीत सहा जणी, आणि फोन सगळ्यांच्या हातात. हे अधिवेशन झालं. अधिवेशनं चांगली असतात, मीही जाते, गाण्यांनी भरून येतं. पण तिथून माणूस विसावून येत नाही, चेतून येतो, आणि आठवड्यात विझतो. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. एकांतवासात बोलणं जवळजवळ नसतं. माझा अनुभव सांगते: पहिला दिवस झोपेत जातो, दुसऱ्या दिवशी कंटाळा आणि राग वर येतो (नवऱ्यावरचा, सासूवरचा, मंडळीच्या खजिनदारावरचा), आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कुठं आत काही ऐकू यायला लागतं. म्हणजे तीन दिवसांचा असेल तर तुम्ही नेमक्या दार उघडायच्या वेळी घरी निघता. जमलं तर पाच दिवस काढा. नाही जमलं तर तीन, पण मौनाचे.

ज्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला, त्या इग्नेशियस लोयोलानं, जेज्विट संघाच्या संस्थापकानं, या एकांतवासाची रीत बसवली. मूळ रीत ३० दिवसांची, चार 'आठवड्यांत' वाटलेली; पोपची संमती १५४८ मध्ये मिळाली. सुरुवातीला १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसात त्यानं उपास आणि जागरणं इतकी केली की पोट कायमचं बिघडवून घेतलं. तिथलीच एक गोष्ट त्यानं स्वतः पुढं सांगून ठेवली आहे. दिवसभर तासन्‌तास प्रार्थना करून रात्री झोपायला गेला की त्याला मोठमोठे साक्षात्कार व्हायचे, फार गोड वाटायचं, झोप मात्र उडायची. शेवटी त्याला शंका आली की झोपेच्या वेळेवर धाड घालणारं हे गोड काही चांगल्या ठिकाणाहून आलेलं नसावं. त्यानं ते बाजूला सारलं आणि झोपायचं ठरवलं. रात्री दोनला व्हॉट्सॲपवर प्रार्थनासाखळी चालवणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. ज्याला घर-नोकरी सोडून ३० दिवस निघता येत नाही त्याच्यासाठी त्यानं वेगळी सोयही ठेवली: घरी राहून रोज दीड तास, अनेक महिने, कुणा जाणत्याच्या सोबतीनं. तुम्हाला आज दीड तास जमणार नाही. पण रीत आहे हे माहीत असू द्या.

कॅथलिकांच्या जागी जावं का, हा प्रश्न तुमच्या पतींच्या मनात येईल. आमच्याकडेही आला होता. जेज्विट पाद्री थॉमस स्टीफन्सनं रचलेलं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथं रायतूरला छापलं गेलं. त्या गोव्यात मराठी ख्रिस्ती माणसानं पाहुण्यासारखं बिचकत का वावरावं? बागेच्या टेकडीवर जेज्विटांचं एकांतगृह आहे. तुम्हाला जवळची पिलारची टेकडी: पणजीची बस, कुठ्ठाळीला झुआरीचा पूल, आगशी, मग पिलार. उतरून वर चालत जा. वरून झुआरी दिसते. महिन्यातून एक सकाळ तिथं एकटीनं बसून या, डबा घेऊन. पुस्तक नको, वही नको.

रोजच्या प्रार्थनेला पहाटे उठणं सहा महिने बंद करा. सकाळचा चहा झाल्यावर दहा मिनिटं, खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून. एकच ओळ घ्या. २३ व्या स्तोत्रात मराठीत क्रियापद सुंदर पडलं आहे: "तो मला हिरव्या कुरणांत बसवतो." मेंढरू आपणहून बसत नाही, त्याला बसवावं लागतं. त्या 'बसवतो'वर आठवडा काढा. डुलकी लागली तर लागू दे.

संडे स्कूल आत्ता सोडू नका. इग्नेशियसचा नियम आहे: मन कोरडं पडलेलं असताना, बरं असताना घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी या नियमाला नर्सची एक पुस्ती जोडते: निर्णय बदलू नका, ओझं मात्र कमी करा. तीन महिने महिन्यातले दोन रविवार मंडळीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला द्या. ती तुमच्याइतकं चांगलं शिकवणार नाही, फलकावर शब्दही चुकवेल. तिकडे बघू नका. तीन महिन्यांनी, झोप आणि रक्त ताळ्यावर आल्यावर, सोडायचं का ते ठरवा. शुक्रवारच्या उपासाला तुम्ही बसा, पण जेवून.

राहिले पाहुणे. बेथानीत मार्थेकडे पाहुणा गेलेला येशू तिला स्वयंपाक करू नकोस असं म्हणाला नाही. तिच्या हातचं तो जेवलाही असेल. तो म्हणाला, "मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस." दगदग हा शब्द ज्यानं तिथं घातला त्याला मराठी घर माहीत होतं. जेवण राहू दे, दगदग कमी करू. डिसेंबरचे फोन नोव्हेंबरात सुरू होतात, त्याआधी हा निरोप पाळकसाहेबांच्या नावानं, त्यांच्याच फोनवरून, सगळ्यांना जाऊ द्या:

"सलाम. नाताळात गोव्याला येणार असाल तर आनंदच आहे. आमच्याकडे दोन रात्री राहता येईल, एका वेळी चार जण. मासळी येताना बाजारातून तुम्ही आणा, साफ करायला मी बसेन. शनिवारी दुपारी दोननंतर घरात चूल पेटत नाही. कालची कडी आणि पाव मिळतील."

'मी बसेन' हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.